फूल, दोन पानं आणि सिंह

१६ जानेवारी १९६७, सोमवार. त्या दिवशी गोव्यातल्या मतदाराच्या हाती पडलेल्या मतपत्रिकेवर निवडायला उमेदवार नव्हते, पक्षही नव्हते. दोन चित्रं होती. एक फुलाचं आणि एक दोन पानांचं. फुलावर खूण केली तर गोवा महाराष्ट्रात विलीन होणार, दोन पानांवर केली तर संघप्रदेश म्हणून वेगळा राहणार. लोकांनी दोन पानं निवडली आणि विलीनीकरणाचा प्रश्न निकालात निघाला.

महाराष्ट्रात ही गोष्ट इथेच संपते. एक हातची संधी गेली, एवढाच तिचा अर्थ आपल्याकडे लावला गेला. पण या जनमत कौलाच्या आधी, डिसेंबर १९६३ मध्ये, गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली होती आणि ती विलीनीकरण मागणाऱ्या पक्षाने जिंकली होती. कौलानंतर दहा आठवड्यांनी, मार्च १९६७ मध्ये, पुन्हा निवडणूक झाली आणि विलीनीकरणात हरलेला तोच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. सव्वातीन वर्षांत एकाच मतदाराने दिलेली ही तीन उत्तरं आहेत. ती शेजारी ठेवून वाचली की गोव्याच्या माणसाला काय हवं होतं आणि काय नको होतं, ते स्वच्छ दिसतं. त्या दोन्ही गोष्टी आपल्याकडे नीट ऐकल्या गेल्या नाहीत, याची मला आजही खंत वाटते.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता गेली. आधी लष्करी प्रशासन, मग नायब राज्यपाल आणि नियुक्त सल्लागार मंडळ, अशा पायऱ्या चढत १९६३ मध्ये संसदेने संघप्रदेशांसाठी विधानसभांचा कायदा केला. गोवा, दमण आणि दीव मिळून ३० जागांची विधानसभा ठरली: गोव्याच्या २८, दमणची एक, दीवची एक. ९ डिसेंबर १९६३ ही मतदानाची तारीख. आपलं सरकार आपण निवडायचं आणि त्यात भाटकाराच्या मताइतकीच त्याच्या मुंडकाराच्या मताची किंमत, ही गोष्ट गोव्यात विधानसभेच्या पातळीवर पहिल्यांदाच घडत होती.

भाटकार आणि मुंडकार हे नातं समजल्याशिवाय त्या निवडणुकीत शिरताच येत नाही. भाट म्हणजे माडांची बागायत आणि तिचा मालक तो भाटकार. त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारा तो मुंडकार. घराच्या भिंती मुंडकाराच्या कष्टाच्या, पण खालची जमीन भाटकाराची. भिंत पडली तरी उभारायला भाटकाराला विचारायचं. त्याच्या घरी लग्नकार्य निघालं की राबायला जायचं. आणि मर्जी फिरली तर पिढ्यान्‌पिढ्यांचं घर सोडून निघायचं. शेतातल्या कुळाची अवस्था फार वेगळी नव्हती. भाटकारांत सारस्वत होते, तसे ख्रिस्ती बामणही होते. मुंडकारांतही दोन्ही धर्मांची माणसं होती. पण पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेल्या ‘नव्या काबिजातीं’तला हिंदू बहुजन समाज या व्यवस्थेखाली सर्वांत जास्त दबलेला होता. शाळा त्याच्या वाट्याला आल्या नव्हत्या, सरकारी कचेरी नव्हती, आणि पणजीच्या सत्तेशी त्याचा संबंध यायचा तो बहुधा शेतसाऱ्यापुरता.

काँग्रेसला हे दिसलं नाही, किंवा दिसूनही तिने ते मोजलं नाही. नेहरूंच्या सरकारनेच गोवा सोडवला होता, देशभर पक्षाचा दबदबा होता, तेव्हा गोव्यात काँग्रेस निवडून येणारच, असं दिल्लीत गृहीत होतं. उमेदवारी देताना पक्षाने प्रतिष्ठित, सधन, जमीनजुमला असलेल्या घरांकडे पाहिलं. त्यात असेही होते ज्यांचं पोर्तुगीज अमलात काही बिघडलं नव्हतं. मुंडकाराने त्या यादीत आपला भाटकार पाहिला आणि काय समजायचं ते समजला.

त्याच वर्षी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला होता. त्याला सगळे ‘मगो’ म्हणत. निशाणी सिंह. नेते दयानंद बांदोडकर, लोकांचे भाऊसाहेब. ते खाणमालक होते, हातात पैसा होता आणि दानधर्मासाठी तो मोकळा सोडण्याची ख्याती होती. पण त्यांची खरी ताकद वेगळीच होती. ते गोमंतक मराठा समाजातून आले होते, आणि जन्मावरून माणसाला पायरी दाखवली जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायला नको होतं. मगोच्या सभेला बसलेल्या कुळाला व्यासपीठावर आपला माणूस दिसत होता.

मगोने दोन गोष्टी एकाच तोंडाने मागितल्या: बहुजनांचं राज्य आणि महाराष्ट्रात विलीनीकरण. त्या काळात या दोन मागण्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या आणि त्यामागे साधा हिशेब होता. गोवा वेगळा राहिला तर आज ना उद्या भाटकार आणि शिकलेला वर्ग पुन्हा वर बसणार, ही भीती. महाराष्ट्रात कुळकायदा झाला होता, बहुजन समाजाच्या हाती सत्ता आली होती, गावोगाव मराठी शाळा होत्या. त्या मोठ्या समाजात आपण गेलो की इथल्या मूठभरांचं आपल्यावर काही चालणार नाही, असं सत्तरीतल्या माणसाला वाटत होतं. देवळातलं कीर्तन, भजन, नाटक सगळं मराठीत, घरात बोलायची कोंकणी. त्याच्यासाठी महाराष्ट्र परका मुळीच नव्हता.

आणि महाराष्ट्रालाही गोवा परका नव्हता, हे सांगायलाच हवं. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांनी सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याची हद्द ओलांडली होती. त्या वर्षी महाराष्ट्रातून गेलेल्या कितीतरी माणसांनी पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला, तुरुंग भोगला, काहींनी प्राण दिले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा निखारा अजून विझलेला नव्हता. गोवा आपला आहे असं जे पुण्या-मुंबईत म्हटलं जाई, त्यात स्वार्थापेक्षा जिव्हाळा जास्त होता. फक्त त्या जिव्हाळ्याने समोरच्याला विचारायचं राहून गेलं.

मगोच्या विरुद्ध युनायटेड गोअन्स पक्ष होता, मराठी वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘युगो’. निशाणी हात. नेते डॉ. जॅक सिक्वेरा. सासष्टी, बार्देश, तिसवाडी, मुरगाव या आधी जिंकलेल्या ‘जुन्या काबिजातीं’तला ख्रिस्ती समाज हा त्यांचा मुख्य आधार, आणि गोव्याचं वेगळेपण टिकवणं ही मागणी.

निकाल लागला. मगो आणि त्याच्या मित्रांना मिळून १६ जागा मिळाल्या, युगोला १२. म्हणजे गोव्यातल्या सगळ्या २८ जागा या दोघांनी वाटून घेतल्या. काँग्रेसला गोव्यात एकही जागा नाही. तिची लाज राखली ती दमणच्या एका जागेने. मुक्तीला दोन वर्षं पूर्ण व्हायला दहा दिवस असताना, मुक्ती देणाऱ्या पक्षाला मतदाराने पार बाहेर ठेवलं. लोकसभेच्या दोन जागाही विलीनीकरणवाद्यांकडे गेल्या. उत्तरेतून पीटर आल्वारिस आले, दक्षिणेतून मुकुंद शिंक्रे. आल्वारिस ख्रिस्ती होते, समाजवादी होते आणि विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते होते. गोव्याची ही लढाई म्हणजे हिंदू विरुद्ध ख्रिस्ती, असं ठोकून देणाऱ्यांना पीटर आल्वारिस हे नाव नेहमीच अडचणीचं ठरतं.

बांदोडकर स्वतः त्या निवडणुकीत उभे नव्हते. तरी आमदारांनी त्यांनाच नेता निवडलं. २० डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले आणि पुढे मडकईतून पोटनिवडणूक जिंकून विधानसभेत आले. पणजीत मांडवीच्या काठावर आदिलशहाचा जुना राजवाडा आहे. पोर्तुगीज गव्हर्नर तिथे राहत, तिथून कारभार करत. जानेवारी १९६४ मध्ये तिथेच विधानसभेचं पहिलं अधिवेशन भरलं, आणि ज्यांच्या बापजाद्यांना त्या दारातून आत जायची मुभा नव्हती ते आत बसून कायदे करू लागले. १९६४ मध्येच कुळांसाठी शेतजमीन कायदा आला. खेड्याखेड्यांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. माझ्या मते १९६३ च्या मतदानाचा खरा अर्थ या दोन गोष्टींत आहे.

निकालाचा अर्थ तेव्हा मात्र वेगळा लावला गेला. मगोचे नेते म्हणू लागले, लोकांनी विलीनीकरणाला कौल दिला, आता वेगळं विचारायचं काय कारण? मुंबईतही हाच सूर होता. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, महाराष्ट्र विधिमंडळाने त्याला साथ दिली. म्हैसूरचे मुख्यमंत्री निजलिंगप्पा यांनी याला कडाडून विरोध केला, कारण गोव्यावर म्हैसूरचाही डोळा होता. नेहरूंनी गोव्याला निदान दहा वर्षं वेगळं ठेवण्याचं आश्वासन दिलं होतं, पण मे १९६४ मध्ये ते गेले. पुढे शास्त्रीही गेले. इंदिरा गांधी आल्या तेव्हा हा गुंता त्यांच्या टेबलावर तसाच होता.

सिक्वेरांची मागणी सरळ होती: विधानसभेतल्या हातांवर हा निर्णय घेऊ नका, लोकांना विचारा. दिल्लीत हीच गोष्ट गळी उतरवण्याचं काम गोवा काँग्रेसचे अध्यक्ष पुरुषोत्तम काकोडकर यांनी चिकाटीने केलं. काकोडकर स्वातंत्र्यसैनिक, पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहिलेले, आणि विलीनीकरणाच्या विरोधातले. महाराष्ट्रातले काँग्रेस नेते एका बाजूला आणि गोवा काँग्रेसचा हा अध्यक्ष दुसऱ्या बाजूला, अशा खेचाखेचीत शेवटी जनमत कौल घ्यायचं ठरलं. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला.

एक मागणी अजून उरली होती. मगोचं सरकार सत्तेवर असताना कौल निष्पक्ष कसा होणार? बांदोडकरांनी ३ डिसेंबर १९६६ ला राजीनामा दिला, विधानसभा विसर्जित झाली. ते खुर्चीला चिकटून राहिले असते तर त्यांना उठवणं सोपं नव्हतं, आणि कौल आपल्या हाताखाली झालेला त्यांना परवडला असता. तरी ते उठले. भाऊसाहेबांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण या राजीनाम्याला मी त्यांच्या कारकिर्दीत फार वरचं स्थान देतो.

कौलाच्या मतपत्रिकेत एक मोठी उणीव होती. विलीनीकरण किंवा संघप्रदेश, एवढे दोनच पर्याय. स्वतंत्र राज्य हवं असणाऱ्याला खूण करायला जागाच नव्हती. मुंबईत नोकरीधंद्यासाठी राहणाऱ्या हजारो गोवेकरांनाही मत नव्हतं. त्यांना मत द्यावं, ही युगोची मागणी मान्य झाली नाही. या कौलाला स्वतंत्र भारतातलं एकमेव सार्वमत म्हणण्याची पद्धत आहे, ती बरोबर नाही. जुनागढ, चंद्रनगर आणि पुढे सिक्कीम इथेही लोकांना विचारलं गेलं. पण ते भारतात येण्याबद्दल होतं. भारतातल्या एका प्रदेशाला शेजारच्या राज्यात जायचं का, असा प्रश्न सार्वमताने सोडवला गेला तो मात्र गोव्यातच.

राजीनाम्यापासून मतदानापर्यंतच्या सहा आठवड्यांत प्रचार फार तीव्र झाला. महाराष्ट्रातून पुढारी आले, शाहीर आले, कार्यकर्त्यांच्या गाड्या आल्या. पणजीचा ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने होता. त्याला तोंड द्यायला मडगावचा ‘राष्ट्रमत’ उभा राहिला. ‘राष्ट्रमत’ मराठी दैनिक होतं, संपादक चंद्रकांत केणी. त्यात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत. महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोव्यातल्या हिंदू वाचकाला रोज सकाळी मराठीतून पटवून दिलं जात होतं. इंग्रजी किंवा पोर्तुगीजमधून ते सांगितलं असतं तर फोंड्याच्या बाजारात कुणी वाचलं नसतं. मराठीवर प्रेम आणि विलीनीकरणाला विरोध या दोन गोष्टी एका मनात राहू शकतात, हे ‘राष्ट्रमत’ने दाखवून दिलं, आणि आपल्याकडे नेमकं हेच कुणी ध्यानात घेतलं नाही. दुसरीकडे उल्हास बुयांव आपल्या ‘जय गोमंतक’ पथकाबरोबर गावोगाव कोंकणी गाणी म्हणत फिरत होते. रवींद्र केळेकर, मनोहरराय सरदेसाई अशी लिहिती माणसं या बाजूला होती.

मोठ्या शब्दांइतकेच पोटाचे प्रश्नही बोलले जात होते. महाराष्ट्रात दारूबंदी होती. माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराला विचारलं जाई, उद्या मुंबईचा कायदा इथे लागला तर तू काय करणार? पणजीतल्या कारकुनाला विचारलं जाई, सचिवालय गेलं आणि इथे एक कलेक्टर बसला तर तुझी बढती कुठे होणार? मुक्तीनंतर बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांनी वरच्या जागा भरल्या होत्या आणि त्यांतल्या काहींच्या वागण्याने माणसं दुखावली होती. आज आपल्या आमदाराला रस्त्यात गाठून गाऱ्हाणं सांगता येतं, उद्या त्यासाठी मुंबईची बोट धरावी लागेल, हा मुद्दा तर कुठल्याही धर्माच्या माणसाला कळण्यासारखा होता.

३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं. शेकडा ८१ च्या वर. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१.

या आकड्यांवरून महाराष्ट्रात लगेच निघालेला निष्कर्ष असा की ख्रिश्चनांनी विलीनीकरण हाणून पाडलं. सासष्टीने दोन पानांना भरभरून मतं दिली हे खरं आहे. पण हिशेब तिथे थांबत नाही. त्या वेळी गोव्यात हिंदूंचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होतं आणि फुलाला वैध मतांपैकी मिळाली साडेचव्वेचाळीस टक्के. एकाही ख्रिस्ती माणसाने फुलाला मत दिलं नाही असं धरलं, तरी हिंदूंपैकी ढोबळमानाने चौथा हिस्सा दोन पानांकडे गेला होता. पीटर आल्वारिसांसारख्यांना मानणारे ख्रिस्ती मतदार जमेस धरले तर हा हिस्सा आणखी वाढतो. यांत सुशिक्षित सारस्वत होते, हे विलीनीकरणवादी नेहमी सांगतात. पण तेवढ्या एका छोट्या समाजाने हा आकडा भरत नाही. बहुजन समाजातल्याही बऱ्याच माणसांनी, भाऊसाहेब स्वतः सांगत असताना, त्यांचं ऐकलं नाही.

आणि मग २८ मार्च १९६७ उजाडला. विसर्जित विधानसभेच्या जागी नवी निवडून द्यायची होती. ज्या एका मागणीवर पक्षाचं नाव उभं होतं ती मागणी लोकांनी नुकतीच फेटाळलेली. युगोच्या अंगात जिंकल्याचं बळ. मगो आता संपला, असं बोललं जाणं साहजिक होतं. निकाल आला तो असा: मगो १६, सिक्वेरांचा युगो १२, अपक्ष २. युगोतून फुटून निघालेल्या आल्वारो द लॉयोला फुर्तादो यांच्या गटाला एकही जागा मिळाली नाही. डिसेंबर १९६३ चेच आकडे जवळजवळ जसेच्या तसे परत आले होते.

जानेवारीत दोन पानांवर खूण केलेल्या काही हातांनी मार्चमध्ये सिंहावर केली असणार, त्याशिवाय हे जमत नाही. या माणसांचं मन बदललं नव्हतं. १९६३ मध्ये त्यांना एकाच मतपत्रिकेवर दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली होती: राज्य कुणाचं, आणि गोवा कुठे. तेव्हा पहिला प्रश्न त्यांना जास्त महत्त्वाचा वाटला. कौलाने दुसरा प्रश्न वेगळा काढून समोर ठेवला आणि त्यांनी त्याचं वेगळं उत्तर दिलं. मार्चमध्ये पहिला प्रश्न पुन्हा आला, त्याचं उत्तर तेच होतं. अक्षरओळख नसलेल्या, आयुष्यात जेमतेम तीन-चार वेळा मत दिलेल्या माणसांनी ही समज दाखवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. विधानसभेतलं बहुमत दाखवून जे तेव्हा म्हणत होते की लोकांना वेगळं विचारायची गरज नाही, त्यांचं म्हणणं मानलं गेलं असतं तर गोव्याच्या मनात मराठी माणसाबद्दल कायमची अढी बसली असती.

बांदोडकरांनी कौल मानला. पुन्हा मुख्यमंत्री झाल्यावर ते शाळा, रस्ते, कुळं यांच्या कामाला लागले. पक्षाच्या नावातला ‘महाराष्ट्रवादी’ शब्द राहिला, पण विलीनीकरणाची भाषा हळूहळू मागे पडली. १९७२ मध्ये मगोने १८ जागा जिंकल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेब गेले आणि त्यांची कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत, १९७५ मध्ये, मुंडकारांना घरातून हुसकावून लावण्याला बंदी करणारा कायदा झाला. पाठोपाठ शेतजमीन कायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. त्या दुरुस्तीला भाटकारांनी कोर्टात आव्हान दिलं, खटले वर्षानुवर्षं चालले. फोंड्यात, पेडण्यात, आणि सासष्टीतही, कुळं आणि मुंडकार जुनी कागदपत्रं हातात घेऊन मामलेदार कचेरीच्या पायऱ्या चढत राहिले.